परकं मेंढरू

मागच्या उन्हाळ्यात माझा पुतण्या पुण्याहून आला होता. तो सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. जेवताना मला म्हणाला, “काका, आमच्याकडं आता एक भारी रीत आली. चाचणी भरवशाची आहे का हे ओळखायला मुद्दाम चूक सोडून बघायची. चाचणीनं ती पकडली नाही तर चाचणीच बाद. बाहेरून आलेली पद्धत आहे.”

मी ताट सरकवलं. बायको म्हणाली, “झालं. आता कशावरून?”

कशावरून ते इथं सांगतो. बाहेरच्यांनाही ही रीत सुचली असेल, मी नाही म्हणत नाही. पण चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ती माझ्या हातून आली, आणि माझ्याकडं माझ्या बापाकडून आली.

माझा बाप, धोंडिबा, मेंढरं राखायचा. कळप मोठा, आणि तो कधी कधी दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागायचा. नवा राखणदार ठेवायचा झाला की बाप त्याला काही विचारत नसे. शेजारच्या कळपातलं एक मेंढरू गुपचूप आपल्यात सोडायचा आणि आपलं एक तिकडं धाडायचा. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरली की विचारायचा, “समदी आली का?” राखणदार मोजायचा. गिनती बरोबर यायची, कारण एक गेलं आणि एक आलं. “आली समदी,” म्हणाला की त्याला भाकरी देऊन वाटेला लावायचा. जो म्हणायचा, “धोंडिबा, ह्ये लाल कानाचं आपलं नव्हं,” त्याच्या हाती कळप.

बाप म्हणायचा, “मोजून काय व्हतं? तोंड बघाया पायजे.”

मी मेंढरांत रमलो नाही. आयटीआय केलं, औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढं बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि मी ते उघडायला शिकलो. शहागंजातला एक सुक्या मेव्याचा व्यापारी माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. काटा दुरुस्त करून नेला की तो एकच वजन घेऊन तबकाच्या चारी कोपऱ्यांवर ठेवून बघायचा. मी चिडून म्हणालो, “सेठ, भरोसा नाही का?” तो म्हणाला, “भरोसा है ना मियाँ, इसीलिए तो काम तुमको दिया. मगर काटे पे किस बात का भरोसा?” त्याच्याशी मी वर्षानुवर्षं घासाघीस केली. या धंद्यातलं निम्मं मी त्याच्याकडून शिकलो, निम्मं बापाकडून.

त्या काळात आमच्या शहराभोवती कारखाने पावसाळ्यातल्या गवतासारखे उगवत होते. चिकलठाण्याच्या एका औषधाच्या कारखान्यात सगळे काटे तारेनं संगणकाला जोडले, आणि त्यांची देखभाल मला वर्षाच्या करारानं मिळाली. संगणकातला प्रोग्राम पुण्याच्या कंपनीचा, काटे दुसऱ्या कंपनीचे. दोघांची भाषा जुळते का हे तपासायचं काम माझ्याकडं.

हे काम म्हणजे काय ते सोप्यात सांगतो. कामगारानं माल काट्यावर ठेवून बटण दाबलं की काट्याची डबी संगणकाला एक निरोप पाठवते. हा निरोप अक्षरांचा नसतो. नुसते आकडे, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत, एकेका खणात एकेक. पहिल्या खणात काट्याचा नंबर, दुसऱ्यात मालाचा, पुढच्या दोन खणांत वजन. वजन किलोच्या दहाव्या हिश्श्यात, म्हणजे अडीच किलोला पंचवीस. हे निरोप पडद्यावर उघडले तर हसरे चेहरे, बदामाची पानं आणि वेड्यावाकड्या रेघा दिसतात. माणसाला ते वाचता येत नाहीत, म्हणून तपासायचंही यंत्रानंच. माझा एक संगणक सगळ्या काट्यांचं सोंग घ्यायचा आणि खोटे निरोप पाठवायचा. कारखान्याचा संगणक ते फाइलीत साठवायचा, प्रत्येक काट्याची प्रत्येक पाळीला वेगळी फाइल. मग ती फाइल आणि पुण्याहून आलेली नमुन्याची फाइल शेजारी ठेवून चाचणी आपोआप ताडून बघायची. जुळलं तर पडद्यावर ‘ओके’.

दर महिन्याला मी ही चाचणी लावायचो. दर महिन्याला ओके.

आता मूळ गोष्टीवर येतो. कारखान्यात गौतम नावाचा कामगार होता. तिशीतला, कमी बोलणारा, हात अतिशय साफ. बहुतेक काट्यांवर पंचवीस किलोची ठरलेली पोती चढायची. गौतमच्या काट्यावर मात्र एक महागडी पावडर सुटी तोलली जायची, दोन ते तीन किलोंच्या मधली, प्रत्येक घाण्याला वेगळी. संगणक आल्यावर हातानं लिहायचं बंद झालं होतं. संगणक म्हणेल तेच वजन.

आणि संगणक म्हणायला लागला की स्टोअरमधून पावडर निघते, पण सगळी काट्यावर चढत नाही. काही पाळ्यांत गौतमची वजनं अर्ध्यातच थांबलेली दिसायची. कँटीनच्या दारातल्या फळ्यावर नोटीस लागली: माल गहाळ झाल्याप्रकरणी गौतम निलंबित, चौकशी सुरू.

दिवस कसले होते तेही सांगायला हवं. विद्यापीठाचं नामांतर नुकतंच झालं होतं. चौकाचौकात बंदोबस्त होता. कारखान्यात वर्षानुवर्षं एकत्र उघडणारे डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडायला लागले होते. गौतम नामांतराच्या मोर्चांत असायचा हे सगळ्यांना माहीत. नोटीस काहींना मनासारखी वाटली. तसं कोणी बोललं नाही, पण घासाघीस करणाऱ्याला चेहरे वाचता येतात. मी कोणाच्याच बाजूचा नव्हतो. धंदेवाईक माणूस, सगळ्यांना नमस्कार.

वर्क्स मॅनेजर सबनीस साहेबांनी मला बोलावलं. “कोळेकर, चाचणी लावा आणि यंत्रणा बरोबर आहे असं लिहून सही करा. चौकशीला जोडायचंय. एवढंच काम.”

गेटवर गौतम उभा होता. म्हणाला, “भाऊ, तुम्ही सही करणार म्हनं.”

“यंत्र सांगंल तसं करीन.”

“यंत्र सांगंल. पन यंत्राला कोन विचारनार? पावडर गोळीत उतरली हाय, लॅबला विचारा म्हनलं, तर सायेब म्हनतात लॅब चार गोळ्या बघती, सगळ्या नाय.”

“गौतम, मला तुझ्या भांडणात ओढू नको,” मी म्हणालो आणि आत गेलो.

चाचणी लावली. ओके. सहीसाठी पेन काढलं आणि हात थांबला. गौतमची दया आली म्हणून थांबला असं लिहिलं तर छान वाटेल, पण तसं नव्हतं. मला एकदम त्या चाचणीचाच राग आला. इतक्या दिवसांत तिनं एकदाही तक्रार केली नव्हती. माझ्या दुकानात आजवर बिनतक्रारीचं गिऱ्हाईक आलं नाही आणि बिनतक्रारीचं यंत्र मी पाहिलं नाही. जो राखणदार रोज ‘आली समदी’ म्हणतो, त्यानं मेंढरांची तोंडं बघितली कधी?

मी नमुन्याच्या फाइलीची नक्कल काढली. शेवटच्या निरोपातलं वजन मुद्दाम बदललं, भलतंच टाकलं. म्हणजे कळपात परकं मेंढरू सोडलं. चाचणी लावली.

ओके.

मग तेच परकं वजन सगळ्यात पहिल्या निरोपात सोडलं. चाचणी ओरडली, फरक आहे! बरं. मधोमध सोडलं. ओके. आणखी अलीकडं आणलं, अजून अलीकडं. नमुन्यात वजनं चढत्या क्रमानं होती, एक, दोन, तीन अशी. पंचविसापर्यंत कुठंही चूक सोडा, चाचणी पकडायची. सव्विसाच्या पलीकडं काहीही सोडा, चाचणी आंधळी.

पुण्याच्या कंपनीचा इंजिनियर कीर्तने त्या आठवड्यात नव्या लाइनच्या कामासाठी कारखान्यातच होता. पोरगेलासा, चष्मा सतत पुसणारा. त्याला दंड धरून आणला आणि पडदा दाखवला. त्यानं चाचणी स्वतः पुन्हा लावून बघितली. मग खुर्चीत बसला.

“फाइल वाचायचा आमचा जो तुकडा आहे, तो मजकुरासाठी लिहिलेला,” तो म्हणाला. “मजकुराच्या फाइलीत सव्वीस हा आकडा आला की मजकूर संपला असं समजायचं, असा जुना संकेत आहे. पण इथं मजकूर नाही. इथं वजनं आहेत.”

“म्हणजे सव्वीस आला की ही बाई डोळे मिटते?”

“हो. दोन्ही फाइली तिथपर्यंतच वाचल्या जातात. तिथपर्यंत त्या सारख्याच असतात.”

“आणि पाळीचा हिशेब काढणारा प्रोग्राम? तोपण हाच तुकडा वापरतो का?”

त्यानं चष्मा काढला. “हो.”

म्हणजे तपासणारा आणि तपासला जाणारा, दोघांना एकच मोतीबिंदू. गौतमच्या हातून ज्या पाळीत बरोब्बर दोन किलो सहाशे ग्रॅमचं, म्हणजे सव्वीसचं, वजन व्हायचं, तिथून पुढची त्याची सगळी वजनं हिशेबातून पुसली जायची. बाकीच्यांच्या पोत्यांत सव्वीस कधी येतच नव्हता. माल कुठंच गेला नव्हता. सगळा तोलला गेला होता, साठवलाही गेला होता. फक्त कोणी पुढं वाचत नव्हतं.

मी तसाच सबनीस साहेबांकडं गेलो. साहेब हुशार माणूस. आरडाओरडा नाही, चहा मागवला. म्हणाले, “चांगलं काम केलंत. चौकशी पुराव्याअभावी बंद करतो. गौतमला उद्या कामावर घेतो, गेलेल्या दिवसांच्या पगारासकट. कीर्तने चूक दुरुस्त करतील. तुमचा करार पुढं चालू, शिवाय नव्या लाइनचे काटेही तुमच्याकडं. फक्त ह्याची वाच्यता नको. आपल्यात राहू द्या.”

मी मनात तोललं. गड्याची नोकरी वाचली, माझा धंदा वाढला, साहेबाची लाज राहिली. तिन्ही गिऱ्हाइकं खूश असा सौदा रोज जमत नाही. हात मिळवला आणि स्कूटरवर बसून गौतमच्या घरी गेलो, पेढे घेऊन.

त्यानं ऐकून घेतलं. पेढ्याला हात लावला नाही.

“फळ्यावर काय लिवनार?” त्यानं विचारलं.

“काय लिहायचंय? तू कामावर, बास.”

“पुराव्याअभावी म्हंजे काय भाऊ? चोरी केली, पन घावला नाय. असंच ना?”

“अरे पगार मिळतोय, नोकरी मिळतीय!”

“मी नोकरी मागाया गेलतो का तुमच्याकडं?” आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. “इद्यापीठाच्या भिंती त्याच हायती. वर्ग तेच, परीक्षा तीच. मग आमच्या लोकांनी घरं का जाळून घेतली, डोकी का फोडून घेतली? पाटी बदलली तर पोट भरतं का, असं तुम्हीच एकदा गेटवर म्हनला व्हता. मला चांगलं आठवतंय. भाऊ, पोट नाय भरत. पन मान वर करून त्या दारातनं आत जाता येतं. मला त्या कँटीनच्या दारातनं मान वर करून आत जायाचंय.”

“मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू मलाच...”

“लई केलं. उपकार हायती. पन सौदा माझ्या नावाचा झाला आन् मला न इचारता झाला.”

मी पेढ्यांचा पुडा तिथंच आपटला आणि निघालो. जालना रोडनं परत येताना हेल्मेटच्या आत एकटाच शिव्या देत होतो. माजला आहे, म्हणत होतो. राजकारण डोक्यात गेलंय, म्हणत होतो. पण क्रांती चौकापर्यंत येईस्तोवर माझ्यातला व्यापारी जागा झाला आणि त्यानं एकच प्रश्न विचारला: गड्या, ज्या मालाचा भाव तुला माहीत नाही तो तू विकलासच कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी सबनीस साहेबांच्या खोलीत कीर्तने बसलाच होता. मी उभ्याउभ्याच म्हणालो, “कालचा सौदा मोडला.”

“कोळेकर, शब्द दिला होता तुम्ही.”

“दिला होता. तो माझा नव्हता, म्हणून परत घेतो. ज्या फळ्यावर आळ लागला त्याच फळ्यावर तो उतरला पाहिजे.”

“कंपनी नोटीस बोर्डावर स्वतःची चूक लिहीत नसते.”

“मग नव्या लाइनच्या चाचणीवर माझी सही नाही.”

साहेबांचा पेला अर्ध्यात थांबला. चालू करारानुसार माझ्या सहीशिवाय कुठलीच लाइन चालू होत नव्हती. दुसरा माणूस आणायचा तर चाचणी पहिल्यापासून, आणि उद्घाटनाला मंत्री यायचं ठरलेलं.

“हा दबाव आहे,” ते म्हणाले.

“घासाघीस आहे. माझा धंदा आहे.”

“तुमचा करार पुढच्या वर्षी राहणार नाही.”

“तो भाव मी धरूनच आलोय.”

साहेबांनी कीर्तनेकडं पाहिलं. त्यानं मान वर केली नाही, पण बोलला. “सर, माझ्या अहवालात मला कारण लिहावंच लागेल. तुकडा आमचा आहे.” त्या पोराला त्या वाक्यासाठी मी आजही मानतो.

मग एकेका शब्दावर बाजार बसला. साहेब म्हणाले, “‘काही तांत्रिक कारणामुळे’ असं लिहू.” मी म्हणालो, कारण नको, चूक लिहा. साहेब म्हणाले, “‘संबंधित कर्मचारी’.” मी म्हणालो, आळ लावताना पूर्ण नाव लिहिलं होतं, आताही पूर्ण लिहा, आणि तेव्हा ‘श्री.’ नव्हतं, ते आता लावा. साहेब म्हणाले, “‘दोष आढळला नाही’.” मी म्हणालो, आढळला नाही म्हणजे शोधत होतो. ‘दोष नव्हता’ लिहा. शेवटी साहेबांनी पेन फेकलं आणि म्हणाले, “अजून काही?”

“आहे. पहिली नोटीस जितके दिवस होती तितके दिवस ही राहील. एक दिवस कमी नाही.”

“तुम्ही भाजी घ्यायला जाता तेव्हा काय होत असेल हो?”

“घरची मंडळी लांब उभी राहतात, साहेब.”

कीर्तने खो खो हसला, मग घाबरून चष्मा पुसायला लागला. साहेबही थोडे हसले असावेत. सही मात्र त्यांनी दात आवळूनच केली.

कीर्तनेनं तुकडा दुरुस्त केला. मी चाचणी नव्यानं बांधली. प्रत्येक वेळी आधी एक परकं मेंढरू सोडायचं, आरंभी, मध्ये, शेवटी. चाचणी तिन्ही ठिकाणी ओरडली तरच पुढचं ओके खरं धरायचं. आणि नुसती गिनती नाही, खण न् खण उघडून बघायचा.

नोटीस लागली त्या दिवशी गौतम पहिल्या पाळीला आला. कँटीनच्या दारात गर्दी होती. तो फळ्यापाशी थांबला, सगळं सावकाश वाचलं, मग थेट आपल्या काट्यापाशी गेला. चमच्यानं पावडर घातली, थोडी काढली, पुन्हा चिमूटभर घातली, आकडा दोन-सहाला येईपर्यंत. त्या दिवशी कुठल्याच घाण्याला दोन-सहा लागत नव्हतं. बटण दाबलं. मग दोन-सात केलं, दाबलं. दोन-आठ केलं, दाबलं. ऑफिसच्या काचेआडून मी बोटं वर केली: तिन्ही आली. जेवणाच्या सुट्टीत तो कुठल्याच कोपऱ्यात गेला नाही. दाराच्या बरोबर समोर, मधल्या बाकावर बसला आणि डबा उघडला. थोड्या वेळानं त्याच्या शेजारी एक जण येऊन बसला. सगळे आले असं नाही. एक आला. मी पाहिलं म्हणून लिहितो.

पुढच्या वर्षी माझा करार गेला. सबनीस साहेब शब्दाचे पक्के. नव्या लाइनचे काटेही गेले. त्याचं मला फार वाटलं नाही, भाव आधीच ठरला होता. पण काही वर्षांनी त्याच कारखान्यातला एक जण पुण्याच्या कंपनीचं शिकवणीचं पुस्तक घेऊन दुकानात आला. त्यात चाचणीचं एक आख्खं प्रकरण होतं: आधी चूक सोडा, आरंभी, मध्ये, शेवटी. माझीच रीत, माझ्याच क्रमानं. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या तज्ज्ञांनी विकसित केलेली पद्धत’. कीर्तने तोवर नोकरी सोडून गेला होता. मी त्या कंपनीला फोन केला, भांडलो. पलीकडची बाई म्हणाली, “सर, तुम्हाला काय हवंय नेमकं?” मला काय हवंय ते मलाच धड सांगता येईना. पैसे नको होते. फोन आपटला. बाप तोवर गेला होता. त्याचं मेंढरू पुण्याच्या पुस्तकात शिरलंय हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.

ही कळ मी इतकी वर्षं बाळगली आहे. पुतण्याचं ऐकून ताट सरकवलं ते त्यातूनच. गौतम आता निवृत्त आहे, मुकुंदवाडीत राहतो, नातीला शाळेत सोडतो. अधूनमधून आम्ही चहाला बसतो. त्याला हे पुतण्याचं सांगितलं, पुन्हा सगळा पाढा वाचला, कंपनीला दोन शिव्या घातल्या. त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, “भाऊ, तवा तुम्ही मला म्हनला व्हता, नोकरी मिळाली, आता नाव कशाला पायजे. आता तुम्हाला कळतंय का?”

“कळतंय.”

“मग बोंबलता कशापायी? फळा बघा एखादा, आन् लावा.”

तर हा दिवाळी अंक मला फळा म्हणून बरा वाटला. लोकांच्या घरी वर्षभर तरी राहतो. चाचणीत आधी परकं मेंढरू सोडायची रीत चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात धोंडिबा कोळेकर, मेंढपाळ, यांच्याकडून आली. पुढच्या दिवाळीपर्यंत कोणी काढू नये.